टाचवाली, मनगटवाला आणि कमरेची म्हातारी

२३ जुलै १९९८, दिव्याची अवस

दिला. आज सायलीला हात दिला!

सकाळी सगळे दिवे घासून पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडायला ठेवले आणि सुनेला म्हटलं, मीना, आता थोडा वेळ आम्हा आजी-नातीला हाक मारू नको. ती म्हणाली, आत्याबाई, पोरगी परदेशात चालली, तिला चार भांडी तरी द्या, हात काय देताय. भांडी काय, तिकडं पण मिळतात.

न्हाणीच्या मागं अंगणाच्या कोपऱ्यात आम्ही दोघी समोरासमोर बसलो. माझ्या तळव्यावर तिळाचं तेल, तिचा तळवा माझ्या हाताखाली. मी हात कलता केला आणि तेल तिच्या हातात गेलं. धार तुटली नाही. सासूबाईंनी मला असंच दिलं होतं, सायखेड्याला, गंगेच्या काठावर. त्यांचं नाव, कुसाबाई म्हटलं की आजूबाजूची गावं ओळखायची. उसण भरली, मान धरली, बाळंतिणीची कंबर बसली — बोलवा कुसाबाईला. आमच्या घरात हात पायाळू माणसालाच जातो. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी माझा रंग बघितला नाही, स्वयंपाक विचारला नाही. पोरगी पायांकडून जन्मली का डोक्याकडून, एवढंच विचारलं. माझा रंगनाथ डोक्याकडून आला, म्हणून तो राहिला नोकरीत. त्याची सायली पायाळू निघाली. मी सुईणीला साडी नेसवली होती.

तेल देताना सांगायचं असतं ते सांगितलं. दुसऱ्याचं दुखणं हातानं उतरवलं की जागेवरून उठायच्या आधी हात मातीला लावायचा. मग ते जमिनीत जातं. नाही लावला तर ज्यानं हात दिला त्याच्याकडं जातं.

सायली हसली. म्हणाली, "म्हणजे तुझ्याकडं? एवढ्या लांब?"

मी म्हटलं, "दुखण्याला विमान लागत नाही."

हा कोपरा आमचा हात टेकायचा. या घरात राहायला आलो तेव्हापासून मी इथंच टेकते. तिथं गवताची काडी येत नाही. मुंग्यांची रांग वळसा घालून जाते. रंगनाथनं एकदा कोंबड्या पाळल्या होत्या, त्यांनी सगळं अंगण उकरलं, तेवढी जागा सोडून. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. चप्पल दारात काढतो, तसं दुखणं तिथं काढायचं.

आता लिहिताना हात कसेतरीच लागतात. दुसऱ्या कुणाचे घालून बसल्यासारखे.

९ ऑगस्ट

गेली. जावई अमोल आधीच तिकडं, कॉम्प्युटरच्या कंपनीत. स्कॉटलंड. गावाचं नाव ग्लासगो. रंगनाथ मुंबईला विमानावर सोडून आला. मी रडले नाही. मीना माझ्या वाटचं पण रडली.

११ ऑगस्ट

चहाचं पातेलं चुलीवरून नुसत्या हातानं उतरवलं. मीना ओरडली तेव्हा बघितलं, तळवे लालबुंद. मला काही कळलंच नाही. गरम नाही, गार नाही. म्हणजे सगळं गेलं तिच्याकडं! बरं झालं. अर्धंमुर्धं राहिलं असतं तर पोरीची अडचण झाली असती.

२० सप्टेंबर

कोपऱ्यात गवत आलं! पोपटी, बोटाएवढं. मी खाली बसून बघत राहिले. हात फिरवला तर तळव्याला काही लागलं नाही, पण डोळ्यांनी बघितलं ना.

परवा शेजारच्या गोजराबाईची मान धरली. ती माझी जुनी मैत्रीण, आम्ही बुधवारच्या बाजाराला बरोबर जातो, ती घासाघीस करते आणि मी पिशवी धरते. पाटावर बसवून चोळली. पूर्वी गाठ आपोआप बोटाखाली यायची, तांदळात खडा यावा तशी. आता सगळं अंग सारखंच, मळलेली कणीक. गोजराबाई चांगल्या मनाची, म्हणाली लय बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तशीच वाकडी मान घेऊन दूध आणायला गेली, मला दिसू नये म्हणून मागच्या गल्लीनं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी आपली गवत बघून हसत बसलेली.

७ मे १९९९

सायलीचं पत्र आणि फोटो!

पुण्याला तिनं मालिशचा कोर्स केला होता, त्याचा कागद तिकडं चालत नाही. परत शिकली, परत परीक्षा दिली, इंग्रजीतून. अंगात काय काय नावं असतात! आम्ही मान, पाठ, कंबर म्हणायचो आणि आमचं भागायचं. तिकडं नुसत्या पाठीतच गावभर नावं. आणि हात लावायच्या आधी विचारायचं म्हणे — इथं चालेल का, जोर जास्त होतोय का. मला ते आवडलं. आमच्याकडं बाई पाटावर बसली की ती आमची, कण्हली तरी सोडत नव्हतो.

बुटांच्या दुकानावर एक खोली घेतली. दारावर तिच्या नावाची पाटी. फोटोत एक उंच पलंग आहे आणि त्याला तोंड घालायला भोक! माणूस पालथं झोपलं की नाक भोकातून खाली. गोजराबाईला दाखवलं तर म्हणाली, खाली बादली ठेवत असतील. दोघी इतक्या हसलो की मीना बघायला आली.

पलंगाशेजारी एक कुंडी दिसते. सायलीनं लिहिलंय, आजी, इथं सगळा गालिचा, म्हणून मातीच वर आणून ठेवली. कुणाला चोळलं की कुंडीला हात लावल्याशिवाय उठत नाही.

शहाणी माझी.

फोटो देव्हाऱ्यात ठेवला. रंगनाथ म्हणाला, जित्या माणसाचा फोटो देवांत ठेवू नये. मग देव्हाऱ्याच्या बाहेर, पण देवांना दिसेल असा ठेवला.

१४ नोव्हेंबर १९९९

दुपारी जेवणं झाल्यावर डाळ निवडत होते. उजव्या टाचेत कुणीतरी येऊन बसलं.

ठेच लागली नाही, काटा मोडला नाही. बसलं — पाहुणा ओसरीवर टेकतो तसं. मग हळूहळू दुखायला लागलं, मधोमध खिळा ठोकल्यासारखं. टाच वर करून बघितली, स्वच्छ. पण ते दुखणं माझं नव्हतं. आपलं दुखणं आपल्या भांड्यासारखं असतं, कुठं पोचा आहे ते न बघता कळतं. हे परक्या घरचं होतं.

मला सासूबाई आठवल्या. मला हात दिल्यावर त्या दिवसभर ओसरीला बसायच्या. एकदा मी चांदवडला नणंदेकडं गेले, तिची जाऊ बाळंतीण, तिला चोळत होते. फरशीचं घर, माती कुठली. परत आले तर सासूबाई गुडघा धरून बसलेल्या. म्हणाल्या, "बाळंतीण उंच हाय का गं? तिचा गुडघा दुपारी माझ्याकडं येऊन गेला."

बाळंतीण उंचच होती.

म्हणजे सायली कुंडी विसरली. आणि कुंडी विसरली म्हणजे गर्दी असणार! एक उठला की दुसरा आडवा, पोरीला दम नाही. टाच धरून मी एकटीच हसले.

२१ नोव्हेंबर, रविवार

सायलीचा फोन आला. आधी मी विचारलं, टाच दुखणारं कुणी आलं होतं का गं तुझ्याकडं?

तिनं परत विचारायला लावलं. मला वाटलं लाईन खराब आहे. मग म्हणाली, "हो आजी. आली होती एक."

"बरी झाली?"

"उभ्यानं काम असतं तिचं. चोळलं की तेवढ्यापुरतं जातं."

मी म्हटलं, मग ती परत येणार, तिला सोडू नको, अशीच माणसं बांधली जातात. आणि तुला कसं कळलं म्हणून तिनं विचारलं तर म्हटलं, तुझी आजी आहे मी. कुंडीचं बोलले नाही. पोरगी बिचकली तर हात आखडेल. एक टाच आली म्हणून काय झालं.

तिचं नाव मी टाचवाली ठेवलं.

२ फेब्रुवारी २०००

आता चौघं आहेत!

टाचवाली जुनी. मग मनगटवाला आला, उजवं मनगट, जड उचलून उचलून झालेलं. मनमाडला स्टेशनात हमाल असतात तसा कुणी असेल, लाल डगला घातलेला. मग कमरेची म्हातारी. तिचं दुखणं ओलं असतं, थंडीत भिंतीला पाणी सुटतं तसं. आणि मान, डावी बाजू. त्याचं अजून ठरवलं नाही, ड्रायव्हर म्हणते तात्पुरतं.

सगळे दुपारी येतात. रंगनाथ म्हणाला, आई, आपली दुपार म्हणजे त्यांची सकाळ. बघा! सकाळी उठल्या उठल्या लोक माझ्या सायलीच्या दारात. भवानीच इतकी तर दिवसभर काय असेल.

मी पण जेवण लवकर उरकून तयार बसते. एक पाट मांडून ठेवते समोर. का, ते सांगता येत नाही. रिकामा पाट बरा दिसतो. टाचवाली आली की म्हणते, ये बाई, बस. आज फार उभी होतीस का?

मीनानं मला बोलताना बघितलं. दाराआडून पाटाकडं बघत होती.

१८ जून

गोजराबाई आज माझ्याबरोबर बाजारात चालता चालता मागं राहिली. मी वळून बघितलं तर रस्त्यात उभी. म्हणाली, "झुंबर, ही चाल तुझी नाय."

म्हटलं, टाच दुखते गं.

"टाच दुखली की माणूस लंगडतं. तू लंगडत नायस. तू दुसऱ्या कुणाचं तरी चालतेयस. ही चाल मी बघितलीय कुठंतरी, आठवंना बघ."

मी तिला सगळं सांगितलं, चौघांचं. वाटलं होतं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, सायलीला सांग, माती बदल म्हणावं, तिकडच्या थंडीत मेली असेल कुंडीतली माती. आपल्या अंगणातली पाठव कुणाबरोबर तरी.

गल्लीतलं पांढरं कुत्रं माझ्या हातची भाकरी खाऊन मोठं झालेलं. आज टाचेला नाक लावलं आणि उलट्या पावली मागं गेलं. भुंकलं नाही. शेपूट पोटाला.

५ नोव्हेंबर

रंगनाथनं दवाखान्यात नेलं. फोटो काढले हाडांचे. डॉक्टर बिचारे चांगले, समोर धरून दाखवले. म्हणाले आजी, हाडं वयाच्या मानानं छान आहेत. मी म्हटलं, असणारच, दुखणं या हाडांचं नाही. ते हसले आणि गोळ्या दिल्या. मीना म्हणाली, आत्याबाई, चारचौघांत असलं बोलू नका.

संध्याकाळी सायलीचा फोन. आवाज बसलेला. अमोलची कंपनी बंद पडली. तो दुसरीकडं बघतोय, पण तोवर सगळं हिच्या हातावर. "होईल आजी, आहेत ना पेशंट," असं म्हणाली.

आहेत ना! मलाच तर ठाऊक किती आहेत. माझ्या जिभेवर आलं होतं, कुंडी बघ, माती बदल. गिळलं. आता तिला घाबरवलं आणि तिनं हात मागं घेतला तर दोघं तिकडं करतील काय? मला बसून खायचं आहे, दुखून दुखून किती दुखेल.

१४ मार्च २००१

कोपऱ्यातलं गवत पोटरीएवढं झालं. मीना म्हणाली काढू का, मी काढू दिलं नाही. वारा नसताना पण हलतं ते. एक एक पातं, कुणीतरी बोटानं बाजूला करावं तसं. छान दिसतं.

२९ जुलै

गोजराबाई काही सोडत नाही. तिच्या भाच्याचा मित्र लंडनला चालला म्हणून मला कापडाची पुरचुंडी शिवायला लावली. अंगणातली माती चाळून भरली. उद्या तो घेऊन जाणार आणि तिथून सायलीला टपालानं टाकणार.

३० जुलै

दिली नाही.

तो पोरगा दारात येऊन उभा होता. पुरचुंडी माझ्या हातात. मग वाटलं, ही माती तिकडं गेली की टाचवाली यायची नाही. मनगटवाला यायचा नाही. फोन येतो तो कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं, त्यात बरी आहे ना, बरी आहे, एवढंच. हे रोज येतात! रोज दुपारी कळतं की सायली उठली, दार उघडलं, तिचे हात चालू आहेत. माती पाठवून मी माझी बातमीच बंद करू?

त्याला म्हटलं, बाबा, चिवड्याचा पुडा घेऊन जा. पुरचुंडी फडताळात ठेवली.

१६ ऑगस्ट

चार दिवस झाले, कुणी आलं नाही.

टाच हलकी. कंबर मोकळी. मीना म्हणते गोळ्या लागू पडल्या. मी पाट मांडून बसते आणि दुपार सरते. जेवण जात नाही. रंगनाथला म्हटलं फोन लाव. कुणी उचलत नाही.

दुखत नाही म्हणून भीती वाटते, असं कधी ऐकलंय?

२१ ऑगस्ट

आली! आली गं बाई, सगळी एकदम आली! टाच, मनगट, कंबर, मान, आणि बरोबर एक नवीन — छातीत कफाची घरघर. मला उठता येईना आणि मी हसतेय. मीना घाबरून रंगनाथला बोलवायला गेली.

रात्री फोन. सायलीला ताप आला होता म्हणे, पडून होती. आता बरी आहे, कामाला लागली.

मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

१० जानेवारी २००२

नवीनच एक.

सकाळी अंथरूण घालत होते. आमचं म्हणजे काय, गोधडी टाकली आणि सारखी केली. आज हात आपोआप चालले. चादर ताणली, कोपरा धरला, तिरपा दुमडला, गादीखाली सारला, परत दुमडला. पाकिटासारखा. चारी कोपरे. एक सुरकुती नाही. मी जन्मात असं अंथरूण घातलं नाही, कुणाचं घातलेलं बघितलं नाही. मी नुसती बघत होते, हात माझे काम करत होते.

मीना आली. "आत्याबाई, ही कुठली रीत?"

म्हटलं, तिकडची असेल. गिऱ्हाईक उठलं की पलंग नीट करावा लागत असेल ना सायलीला. मग कळलं की मीना चादरीकडं बघत नव्हती. हाताचा वास घेत होती माझ्या.

"फिनेल लावलं का कशाला?"

नव्हतं लावलं. साबणानं धुतले, राखेनं धुतले. वास आहे तो आहे. तिकडचं तेलच तसलं असेल.

३ डिसेंबर

रोज हात अंथरूण घालतात. आज रिकाम्या हवेत कुणालातरी काखेत धरून उचललं मी. उचललं, बसवलं, उशी लावली. वजन लागलं! बाईमाणूस होतं, हडकुळं, पण जड. पाटावर बसवलं तिला. कमरेची म्हातारीच असणार, अजून कोण. पाट किंचित खाली दबल्यासारखा वाटला.

मी तिला मराठीतच बोलले. दुखतं का म्हणून.

१७ ऑगस्ट २००३

सिंहस्थाची गर्दी, गंगेवर पाय ठेवायला जागा नाही. रंगनाथ म्हणाला, आई, तू जाऊ नको, तुला चालवत नाही. खरंच आहे, आता भिंत धरून चालते. पण आज मी घरात नाचले असते! सायली येतेय. दिवाळीला. इतक्या वर्षांनी!

गोजराबाईनं गल्लीभर केलं. परदेशातली डॉक्टरीण येणार, ज्याचं जे दुखतं ते जपून ठेवा.

१९ ऑक्टोबर

आली माझी लेक.

वाळलीय. डोळ्यांखाली काळं. मीनाला मिठी मारली, मग माझ्या पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली थोडी. माझ्या टाचेकडं बघत होती. म्हणाली आजी, किती झालं हे असं? म्हटलं, वय झालं. तिनं घरात पण मोजे घातलेत. सवय झाली म्हणे थंडीची. ऑक्टोबरच्या या उन्हात!

ती आल्यापासून दुपारी कुणी आलं नाही. तिकडची खोली बंद ना.

२१ ऑक्टोबर

गोजराबाईचा नंबर पहिला. पाटावर बसली. सायलीनं विचारलं, "मावशी, इथं दाबलं तर चालेल?" ती म्हणाली, "विचारती काय, मान आता तुझ्या ताब्यात हाय. फक्त उरली तर परत दे."

मी बाजूला बसून बघत होते. काय हात आहे! कुसाबाई परत बसली असं वाटलं. सगळीकडून आला आणि गाठीवर थांबला. गोजराबाईचे डोळे मिटले. उठली ती मान फिरवत, मागच्या गल्लीनं गेली नाही, पुढच्या दारानं गेली.

मग सायली उठायच्या आधी वळली आणि कोपऱ्यातल्या गवतावर दोन्ही हात टेकले. न सांगता.

मी विचारलं, "तिकडं पण असंच करतेस?"

"दुसऱ्याचं चोळलं की नेहमी. कुंडी नाही तर बाग गाठते."

"कधी विसरली असशील."

"एकदा पण नाही आजी. तुझी शप्पथ."

मग हे सगळे माझ्याकडं कसे येतात?

२२ ऑक्टोबर

सकाळी कोपऱ्यात गेले. तिनं हात टेकले तेवढं गवत जळालेलं. दोन पंजे, बोटं पसरलेली. पोरगी खोटं बोलत नाही. तिच्या गिऱ्हाइकांचं दुखणं मातीतच जातं.

मग माझे कोण?

नरक चतुर्दशी

पहाटे सायलीला अभ्यंगाला पाटावर बसवलं. मोजे काढेना. मी काढले. तेल हातावर घेतलं तर कोमट लागलं. कोमट! इतक्या वर्षांनी हाताला कळलं.

उजवी टाच हातात घेतली आणि थांबले. खिळा. तोच, मधोमध. मनगट धरलं. कंबर. मानेची डावी बाजू.

सायली भिंतीकडं बघत म्हणाली, "खोली पहिल्याच हिवाळ्यात सोडली, आजी. कुणी यायचंच नाही फार. म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळी करते. त्यांना उचलते, बसवते, चादरी घालते. एखादीचे पाय चोळून देते. सकाळी घरी आले की आपलं आपणच चोळते आणि झोपते. तू फोनवर एवढी खूश असायचीस."

दुसऱ्याचं चोळलं की माती, एवढंच मी सांगितलं होतं. स्वतःचं चोळलं तर काय, ते सांगायचं माझ्या मनात सुद्धा आलं नव्हतं.

माझी सगळी माणसं एकाच पाटावर बसली होती.

फडताळातली पुरचुंडी आणून शेजारी ठेवली. तेल परत घेतलं. टाचेपासून सुरुवात केली.